दारातला सायकस आणि अण्णांची वही

मागच्या रविवारी सकाळी एक गृहस्थ घरी आले. पांढरी गाडी, हातात दोन मोबाईल. बंगल्यांना, फार्महाऊसला बागा करून देण्याचं काम करतात. आत यायच्या आधीच त्यांनी फाटकाजवळच्या सायकसकडं बोट केलं आणि म्हणाले, "साहेब, हे झाड देताय का? ३५ हजार देतो. खोदायचा, न्यायचा खर्च माझा."

फोटोत दिसतंय ते हेच झाड. साडेतीन फुटांचं काळपट खोड आणि वर छत्रीसारखा पानांचा घेर.

आमचं घर जुनं आहे, तीन भावांचं आहे आणि आता ते पाडून तिथं इमारत करायचं चाललंय. ही बातमी त्या गृहस्थांपर्यंत कशी गेली माहीत नाही, पण जुनं घर पडणार म्हटलं की भंगारवाले, सागवानी दारं घेणारे आणि आता झाडं घेणारेही येतात. ३५ हजार ऐकून दादाचे डोळे चमकले. खोटं कशाला बोलू, माझेही चमकले.

मी विचारलं, "नेणार कुठं?"

"पुणे रोडला एक फार्महाऊस आहे. गेटच्या दोन्ही बाजूंना एकेक पाहिजे. एक मिळालाय, जोडी लावायचीय."

"तो पहिला कुठनं आणला?"

ते हसले. "ते कशाला विचारताय साहेब? झाड झाड असतंय."

मित्रहो, मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आमचे सर कोण, काय, कुठं, कधी, का, कसं हे सहा प्रश्न फळ्यावर लिहायचे आणि खाली सातवा जोडायचे, 'कुठनं?' माहिती कुठनं आली हे कळल्याशिवाय छापायचं नाही. त्या गृहस्थांनी नेमका तोच प्रश्न टाळला, म्हणून तो माझ्या डोक्यात बसला. गेले आठ दिवस मी या एका झाडाचा माग काढतोय. सापडलं ते इथं मांडतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी झाडाची ओळख. नर्सरीत याला कुणी 'सागो पाम' म्हणतं, कुणी 'सायकस पाम'. पण हा पाम नाहीच. नारळ, ताड, शिंदी यांच्याशी याचं नातं नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'अनावृत्तबीजी' असा शब्द पाठ केलेला आठवतोय का? ज्यांचं बी फळाच्या आत नसतं, उघडं असतं, ती झाडं. मोरपंखी, देवदार त्यातलेच. सायकसही त्यातलाच. खरं फूल नाही, खरं फळ नाही, आणि नर-मादी झाडं वेगवेगळी. हे नर-मादीचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

'डायनासोरच्या काळातलं झाड' असं सांगून नर्सरीवाले किंमत वाढवतात. ते अर्धं खरं आहे. सायकॅड कुळाचे सगळ्यात जुने जीवाश्म २५ कोटी वर्षांच्याही मागचे आहेत. आपल्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड ज्या लाव्हारसातनं झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या पायाखालची जमीन तयार व्हायच्या कितीतरी आधी हे घराणं नांदत होतं. पण २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून दाखवलं, की आज दिसणाऱ्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांत वेगळ्या झालेल्या आहेत. घराणं जुनं, पिढी तशी नवी. आपल्याकडच्या वाड्यांसारखंच म्हणा ना.

आता या झाडाचा लिखित इतिहास. तो सुरू होतो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणि त्यात आपली देवनागरी लिपी आहे, हे वाचून मी उडालोच.

सतराव्या शतकात कोचीनला डचांचा अंमल होता. तिथला गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला. नाव 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. माहिती देणारे इथलेच होते. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी लिहून दिलेलं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. ते १६७५ च्या एप्रिलमधलं. इकडं रायगडावर महाराजांच्या राज्याभिषेकाला वर्षही पुरं झालं नव्हतं.

या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, १६८२ साली, 'तोड्डा पन्ना' नावानं एक झाड आलं. एक-दोन नाही, तब्बल ९ चित्रं. हा आपला सह्याद्रीतला सायकस. पुढं १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसनं त्याला 'सायकस सर्सिनालिस' हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा आधार याच ग्रंथाचा घेतला. आजही ही जात नेमकी कुठली, हे ठरवायला त्या जुन्या चित्रांकडंच बोट दाखवलं जातं. म्हणजे जगातल्या सगळ्या सायकस जातींत ज्याचं नाव पहिलं धरलं जातं, ते झाड आपल्या पश्चिम घाटातलं आणि त्याची ओळख करून देणाऱ्या ग्रंथावर सही आपल्या लोकांची.

पण आपल्या दारात लावतो तो सायकस हा नव्हे. तो जपानी. दक्षिण जपानची बेटं आणि चीनचा किनारा हे त्याचं माहेर. कार्ल थुनबर्ग नावाचा स्वीडिश डॉक्टर १७७५ मध्ये डच कंपनीच्या नोकरीत जपानला गेला, त्यानं १७८२ मध्ये याला 'सायकस रिव्होल्युटा' असं नाव दिलं. 'रिव्होल्युटा' म्हणजे कडा मागं वळलेल्या. पानाची पाती उलटी करून बघा, कडा खाली मुडपलेल्या दिसतील. घाटातल्या सायकसची पाती सपाट आणि मऊ असते. ओळखायची सोपी खूण ही.

मग 'सागो' कुठनं आलं? सागो म्हणजे आपला साबुदाणा. मूळचा साबुदाणा मलाया-इंडोनेशियाकडच्या एका खऱ्या पामच्या खोडातल्या पिठाचा व्हायचा. सायकसच्या खोडातही तसंच पीठ असतं, म्हणून त्यालाही तेच नाव चिकटलं. आपण चतुर्थी-एकादशीला खातो तो साबुदाणा यातला कुठलाच नाही. तो टॅपिओकाच्या कंदाचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा माल बंद झाला, तेव्हा तमिळनाडूत सेलमला टॅपिओकापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. त्यामुळं सायकसला 'साबुदाण्याचं झाड' म्हणून कुणी काही खायला जाऊ नका. त्याचं बी, पान, खोड सगळं विषारी आहे. नारिंगी बिया दिसायला गोजिऱ्या असतात, पण घरात कुत्रं असेल, लहान पोरं असतील, तर खाली पडलेल्या बिया लगेच उचला. एखाद-दुसऱ्या बीनंही कुत्र्याचं लिव्हर निकामी होतं.

तरी माणसांनी हे खाल्लंय. केरळात याचं बी वाळवून, पुन्हा पुन्हा भिजवून, पाणी फेकून विष काढतात आणि मग पीठ करतात. आज्या-पणज्यांनी कमावलेलं हे ज्ञान आहे, घाई केली की अंगाशी येतं. जपानच्या ओकिनावा बेटांवर ते फार वाईट पद्धतीनं अंगाशी आलं. त्या बेटांची सगळी मदार उसावर. पहिल्या महायुद्धानंतर साखरेचे भाव कोसळले, हातात पैसा राहिला नाही, भात तर सोडाच, रताळीही मिळेनात. लोक बांधावरच्या सायकसची खोडं आणि बिया खाऊ लागले. नीट न धुता खाल्लेल्यांचे जीव गेले. १९२० च्या दशकातल्या त्या दिवसांना तिकडं 'सोतेत्सु जिगोकु' म्हणतात. म्हणजे सायकसचा नरक.

हे वाचताना मला आईनं सांगितलेला ७२ चा दुष्काळ आठवला. रेशनची लाल मिलो, खडी फोडायची कामं, सुकडीची रांग. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला साखरेचा भाव पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडं गेटची शोभा असलेलं झाड दुसरीकडं कुणाच्या तरी उपाशी दिवसांची आठवण आहे, एवढं माहीत असावं.

आता येऊ या बागेत जमवण्याच्या हौसेकडं. ही हौस आजची नाही.

१७७५ मध्ये फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्यानं दक्षिण आफ्रिकेतनं एक सायकॅड लंडनच्या क्यू बागेत आणला. इकडं सवाई माधवराव तेव्हा जेमतेम वर्षाचे होते. तो सायकॅड आजही जिवंत आहे आणि तोही कुंडीत. जगातलं सगळ्यात जुनं कुंडीतलं झाड म्हणून तो ओळखला जातो. लावणारा गेला, राजे गेले, साम्राज्य गेलं. दर पिढीत कुणीतरी पाणी घालत राहिलं, म्हणून झाड राहिलं.

दुसरी गोष्ट १८९५ ची. जॉन मेडली वुड हे डर्बनच्या बागेचे प्रमुख. झुलूलँडच्या एका जंगलात त्यांना सायकॅडचं एक वेगळंच बेट दिसलं. एकाच बुंध्याला चार खोडं. तसं झाड त्यांनी कुठंच पाहिलं नव्हतं. त्याची पिल्लं काढून बागांत लावली, एक १८९९ मध्ये क्यूला गेलं. १९१६ मध्ये जंगलातलं शेवटचं खोडही हलवलं. त्यानंतर आजपर्यंत त्या जातीचं दुसरं झाड जंगलात कुणालाही सापडलेलं नाही. जे सापडलं ते नर होतं. आज जगभरच्या बागांत त्याची बरीच झाडं आहेत, पण ती सगळी त्या एकाच नराची पिल्लं. मादी नाही, त्यामुळं बी नाही. अलीकडं ड्रोन उडवून, कॉम्प्युटरला फोटो दाखवून त्या जंगलात मादी शोधायचं काम चाललंय. अजून सापडली नाही.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत बघा. जंगलातनं उचललं म्हणून जंगल रिकामं झालं. पण पिल्लं वाटली, कुठनं आली ते लिहून ठेवलं, म्हणून ती जात निदान बागेत तरी उरली.

आता हौसेची काळी बाजू. सायकॅडच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त धोक्यात आहेत. कारणं साधी आहेत. झाड हळू वाढतं, मोठं झाड करायला ३०-४० वर्षं लागतात आणि श्रीमंत गिऱ्हाईकाला मोठंच पाहिजे असतं. मग जंगलातनं खोदून आणतात. दक्षिण आफ्रिकेत झाडाच्या खोडात मायक्रोचिप बसवायची वेळ आली. तरी २०१४ मध्ये केपटाऊनच्या कर्स्टनबॉश या सरकारी बागेतनं २४ सायकॅड चोरीला गेले.

हे सगळं लांबचं वाटेल, म्हणून जवळचं सांगतो. आपल्या पूर्व भागातनं दरवर्षी हजारो माणसं तिरुपतीला जातात. ते सात डोंगर चढताना आजूबाजूला जे जंगल दिसतं, त्या शेषाचलम-कडप्पाच्या डोंगररांगांत सायकसची एक जात आहे, 'सायकस बेडोमी'. मद्रास वनखात्यातल्या कर्नल बेडोम यांच्या नावावरनं १८८३ मध्ये ठेवलेलं नाव. जगात ती फक्त त्या डोंगरांत आहे. औषधासाठी तिचे नर तुरे तोडले जातात, वणवे लागतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी पहिल्यांदा वेगळं परिशिष्ट जोडलं, तेव्हा अख्ख्या देशातनं त्यात फक्त ६ नावं होती. त्या सहांतलं एक ही जात. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही सगळे सायकॅड आहेत आणि ही जात सगळ्यात कडक यादीत आहे. वाघाला जेवढं संरक्षण, तेवढं तिला. आपण बालाजीचं दर्शन घेऊन येतो, पण तिथल्या या शेजाऱ्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणून सांगतो, 'झाड झाड असतंय' हे खरं नाही. जपानी सायकस नर्सरीत बियांपासून, पिल्लांपासून भरपूर तयार होतो, तो खुशाल घ्या. पण कुणी सपाट, मऊ पानांचा मोठा सायकस मुळांवर फडकं गुंडाळून 'घाटातला आहे, स्वस्तात देतो' म्हणत आणला, तर 'कुठनं आणला?' एवढंच विचारा. उत्तर द्यायला तो घुटमळला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता आमच्या झाडाकडं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गिरणीत साचे खात्यात होते. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यासमोर एक थोराड सायकस होता. आम्हा पोरांना त्या फाटकातनं आत जायची परवानगी नव्हती, पण पाळी सुटली की अण्णा बाहेरनं ते झाड बघत थांबायचे म्हणे. १९७८ मध्ये तिथल्या माळीमामांनी अण्णांना बुंध्याशी आलेलं एक पिल्लू काढून दिलं. कांद्याएवढं. अण्णांनी ते डालड्याच्या डब्यात लावलं. माझा जन्म १९८० चा, म्हणजे हे झाड माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं.

अण्णांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण हात होता. सोलापुरात सायकस जगवायचा तर काय करायचं, ते त्यांच्याकडनं शिकलो, तेच सांगतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि सायकस मरतो तो तहानेनं नाही, पाण्यानं. बुंधा आतनं सडतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून निम्मा मुरूम, थोडी जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत आणि थोडीशीच काळी माती. कुंडीला भोक मोठं. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्याला चालतं. सोलापूरकरांना एवढं समजून घेणारं दुसरं झाड नसेल! मे महिन्यातलं ऊन तो सोसतो, पण नुकता हलवलेला असेल तर पहिला उन्हाळा जाळीखाली काढा.

पिल्लू काढलं की पानं कापून टाका, जखम सावलीत आठवडाभर वाळू द्या, मग वाळूत लावा. मुळं धरायला सहा महिने लागतात, रोज उपटून बघू नका. मातीवर पोवळ्यासारखी गाठाळ मुळं वर आलेली दिसली तर रोग समजून कापू नका. त्यात राहणारे सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. झाडानं स्वतःच उघडलेला खताचा कारखाना आहे तो. नवीन पानं पिवळी, चुरगळलेली आली तर बहुतेक वेळा मँगनीजची कमतरता असते. आपल्या चुनखडीच्या मातीत ते मुळांना मिळत नाही. कृषी सेवा केंद्रात मँगनीज सल्फेट मिळतं.

वर्षातनं एकदाच नवा झुपका येतो. तो कोवळा असताना एक छोटं निळसर फुलपाखरू त्यावर अंडी घालतं आणि अळ्या चार दिवसांत सगळं फस्त करतात, भोवती मुंग्यांचा पहारा असतो. इंग्रजीत त्याला 'प्लेन्स क्युपिड' म्हणतात आणि शास्त्रीय नावात चक्क 'पांडवा' आहे. अण्णा रोज सकाळी चष्मा लावून पान न् पान बघायचे आणि बोटानं अंडी पुसायचे. औषध कधी मारलं नाही.

२००७ मध्ये, २९ वर्षांनी, झाडाच्या डोक्यात पानांऐवजी बदामी मखमलीचा एक गड्डा आला. अण्णा घाबरले, झाड सडलं म्हणाले. आईनं हळदकुंकू वाहिलं. मग त्यात बिया दिसल्या, सुपारीएवढ्या, नारिंगी. तेव्हा कळलं की आमचं झाड मादी आहे. अण्णांनी २७ बिया डब्यांत लावल्या. एकही उगवली नाही. पुढच्या खेपेला माती बदलली, वाळू बदलली, तरी नाही. "माझाच हात लागत नाही आता," असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. २०१६ मध्ये ते गेले.

त्यांच्या हाताचा दोष नव्हता. आसपास नर झाड नव्हतं. परागच नाहीत तर बी पोकळच राहणार. १८९६ मध्ये जपानच्या इकेनो यांनी कागोशिमातल्या सायकसवर एक शोध लावला होता. नराचा पराग मादीच्या बीजात पोचला की त्यातनं पोहणारे शुक्राणू निघतात आणि थेंबभर पाण्यातनं पोहत जातात. ही झाडं जमिनीवर आली तरी पाण्यातल्या पूर्वजांची रीत विसरली नाहीत. हे मला या आठवड्यात कळलं. अण्णांना सांगायचं राहून गेलं.

परवा कपाट रिकामं करताना अण्णांची हिशेबाची वही सापडली. किराणा, दूध, गिरणीची बाकी आणि शेवटच्या दोन पानांवर 'सायकस' असं शीर्षक. खाली ११ नोंदी. कुणाला पिल्लू दिलं, कुठल्या साली, कुठल्या पेठेत. सातवी नोंद 'मुलीच्या लग्नात, आहेर' अशी आहे. पैसे घेतल्याची नोंद एकही नाही.

ती वही घेऊन मी चार दिवस हिंडलो. साखर पेठ, रेल्वे लाईन्स, दमाणीनगर, विजापूर रोड. ११ पैकी ४ झाडं जिवंत आहेत. तीन घरं पडली, तिथली झाडं कुठं गेली कुणाला सांगता आलं नाही. दोन पावसाळ्यात सडली. दोघांचा पत्ता लागला नाही. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "अण्णांचं झाड हाय की, मी रोज बोलते त्याच्याशी." ते झाड आमच्याहून डेरेदार आहे.

मग गिरणीच्या बंगल्याच्या जागेवर गेलो. गिरणी बंद पडली, बंगला विकला गेला, आता तिथं पार्किंग आहे. मूळ झाडाचं काय झालं, ते तिथल्या कुणालाच माहीत नाही. म्हणजे त्या झाडाचं जे काही उरलंय ते आमच्या दारात आणि त्या चार घरांत. सगळी एकाच झाडाची पिल्लं, सगळ्या माद्या. डर्बनच्या त्या एकट्या नराची गोष्ट वाचताना मी लांबची म्हणून वाचत होतो. तीच गोष्ट आमच्या गल्लीत घडत होती.

जपानी सायकस जगात भरपूर आहे, आमचं झाड मेलं म्हणून जात संपणार नाही, हे मला समजतं. पण एका माळ्यानं दिलेलं, एका गिरणी कामगारानं वाढवलेलं आणि ११ घरांत फुकट वाटलेलं हे झाड या गावाच्या इतिहासाचा तुकडा आहे. गिरण्यांचा इतिहास आपण भोंगे, संप आणि १९३० च्या मार्शल लॉमध्ये शोधतो. तो असा डालड्याच्या डब्यातही असतो. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांच्या वरच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणायचं ठरलं. आमच्या झाडाला पन्नाशी गाठायला थोडीच वर्षं राहिलीत. तेवढ्यात ते कुणाच्या तरी गेटची जोडी व्हायला नको.

दादाशी वाद झाला. "झाडासाठी गाडी कुठं लावायची?" हा त्याचा प्रश्नही खोटा नव्हता. मी वाद घातला नाही, वही त्याच्या हातात दिली. त्यानं शेवटची दोन पानं वाचली, चष्मा पुसला आणि बिल्डरला फोन लावला. करारात पार्किंगसाठी अर्धं पान आहे. आता झाडासाठी एक ओळ आहे. समोरच्या मोकळ्या जागेतला सहा बाय सहा फुटांचा तुकडा सोडायचा, झाड आहे तिथंच ठेवायचं, बांधकामाच्या काळात भोवती पत्रे लावायचे. ती ओळ पाळली जाते का, हे मी रोज जाऊन बघणार आहे. त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "४५ देतो." दादानं फोन ठेवला.

आता तुमच्याकडं दोन गोष्टी मागतो.

एक. तुमच्या घरात 'अण्णांनी दिलेला' किंवा गिरणीच्या बंगल्यातनं आलेला सायकस असेल तर कमेंटमध्ये सांगा. वहीतल्या दोघांचा पत्ता अजून लागायचा आहे.

दोन. सोलापुरात कुणाकडं नर सायकस असेल तर कळवा. ओळख सोपी आहे. मधोमध मक्याच्या कणसासारखा लांब, उभा, पिवळसर तुरा येतो, साधारण उन्हाळ्यात. तुऱ्यातनं पिवळी पूड सांडायला लागली की मला फोन करा, मी कागदाची पुडी घेऊन येतो. आमच्या झाडाला गड्डा आला की ती पूड त्यावर झटकायची, एवढंच काम.

आणि तुमच्या झाडांचीही एक वही करा. कुठनं आलं, कधी लावलं, कुणाला दिलं. दोन पानं पुरतात.

या खेपेला बी उगवलं, तर बारावी नोंद मी करणार आहे.